मालकी आणि वहिवाट : दक्षिण जावातील शेतकरी गावाच्या अभ्यासाची प्रस्तावना

एखाद्या गावात कोण कशाचा धनी आहे हे जाणून घ्यायचे झाले, तर आपण सवयीने तलाठ्याच्या दप्तराकडे वळतो आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची जमीन, असा निर्वाळा देऊन मोकळे होतो. वस्तुतः तो उतारा महसुलाचा कागद असून मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे आपल्याकडच्या न्यायालयांनी वारंवार सांगितले असले तरी ही सवय सुटत नाही. जावातील खेड्याचा विचार करताना मात्र ती वेशीबाहेर ठेवूनच आत शिरावे लागते. तेथे भाताचे खाचर एकाच्या नावे, त्यातला नांगर दुसऱ्याच्या हाती, कापणीतला वाटा तिसऱ्याच्या बायकोचा, बांधावरचा माड चौथ्याकडे गहाण, आणि घर ज्या परसात उभे आहे ते परस एकाचे तर घर दुसऱ्याचे, अशी स्थिती अपवादाची नव्हे तर नित्याची असते. आणि या सर्वांपैकी दप्तरात उतरते ते फार तर पहिले नाव. पुढील प्रकरणांचा विषय असा गाव आहे, आणि त्याची मालमत्ता म्हणजे केवळ त्याची जमीन नव्हे, हे प्रथमच मनाशी बांधून घेतले नाही तर त्या प्रकरणांतले फारसे काही उमगणार नाही.

जावा हे बेट क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. तथापि 2020 च्या शिरगणतीत तेथे पंधरा कोटींहून अधिक माणसे मोजली गेली. इंग्रज अमलातील गव्हर्नर रॅफल्सने 1815 साली काढलेला अंदाज 46 लाखांच्या आसपास होता, आणि 1930 च्या गणतीत तो आकडा चार कोटींच्या पुढे गेलेला दिसतो. एवढी प्रजा एवढ्याशा भूमीवर कोणत्या हक्काने जगली, हा प्रश्न म्हणूनच डच अमलदारांपासून अमेरिकन समाजशास्त्रज्ञांपर्यंत सर्वांना पडत आला. सबंध बेटाला एकच उत्तर लागू पडत नाही. पश्चिमेकडील सुंदा प्रांताची रीत वेगळी, उत्तर किनाऱ्याची वेगळी. येथे भर दिला आहे तो योग्यकार्ता शहराभोवतालच्या सपाट मुलखावर. उत्तरेस मेरापी हा जागृत ज्वालामुखी, पश्चिमेस प्रोगो नदी, पूर्वेस ओपाक, दक्षिणेस महासागर. मेरापीने युगानुयुगे ओकलेल्या राखेने या मातीला कस दिला, आणि त्याच पर्वताने 2010 साली शेकडो माणसांचे प्राण घेतले. 27 मे 2006 च्या भूकंपात बांतुल भागातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली होती. पाणी मिळेल तेथे वर्षाला भाताची दोन पिके आणि मग सोयाबीन, भुईमूग वा मका, असा येथील क्रम. प्रोगो आणि ओपाक यांना जोडणारा मातारामचा कालवा जपानी अमलात, 1944 साली, सुलतान नववे हामेंगकुबुवोनो यांनी खोदवून घेतला. आपली रयत जपान्यांच्या वेठीस धरली जाऊन परमुलखात मरू नये म्हणून घरचेच काम काढण्याची ती युक्ती होती, असे तेथे सर्वत्र सांगतात, आणि त्या कालव्याच्या पाण्यावर आजही खाचरे भरतात.

या मुलखाच्या जमीनहक्कांचा इतिहास उलगडायचा तर प्रारंभ जमिनीपासून नव्हे, माणसांपासून करावा लागतो. 1755 साली गियांती येथील तहाने माताराम राज्याचे दोन वाटे होऊन सुराकार्ता व योग्यकार्ता हे दोन दरबार अस्तित्वात आले. त्या वाटणीत नद्या-डोंगरांच्या सीमा आखल्या गेल्या नाहीत. वाटून घेतली गेली ती ‘चाचाह’ची, म्हणजे सारा भरणाऱ्या आणि वेठ देणाऱ्या कुटुंबांची गणती, आणि परिणामी एका दरबाराची गावे दुसऱ्याच्या गावांत अक्षरशः मिसळून राहिली. ज्या काळी रान अफाट आणि नांगर धरणारे हात थोडे, त्या काळी राजाची दौलत हातांच्याच संख्येने मोजली जाणार, यात नवल नाही. सुलतानाच्या आप्तांना व अमलदारांना रोख मुशाहिऱ्याऐवजी गावांचा वसूल तोडून दिलेला असे. पेशवाईतील सरंजामांशी परिचित असलेल्या वाचकास ही व्यवस्था नवखी वाटू नये. सरंजामदार राजधानीत राहणार, आणि गावात त्याच्या वतीने उत्पन्न गोळा करणार तो बेकेल नावाचा मक्तेदार. पिकाचे पाच भाग कल्पून एक बेकेलाने ठेवावा आणि उरलेल्या चारांपैकी दोन सरंजामदाराला, दोन कसणाऱ्याला, हा सर्वमान्य हिशेब. त्या जमिनीचा ‘मालक’ कोण, हा प्रश्न यांपैकी कोणालाच पडलेला नव्हता. सुलतान, सरंजामदार, बेकेल आणि कुळ या चौघांचेही तिच्यावर काही ना काही चालत होते, आणि चौघांपैकी कोणाचेही सर्वस्वी चालत नव्हते.

तो प्रश्न विचारणारे लोक बाहेरून आले, आणि येथे हिंदुस्थानाचा संबंध येतो. 1811 साली इंग्रजांनी जावा जिंकले तेव्हा त्या मोहिमेत मद्रासचा भूमापक कॉलिन मॅकेन्झी होता, आणि जून 1812 मध्ये योग्यकार्ताचा राजवाडा लुटणाऱ्या फौजेत बंगाल इलाख्याचे शिपाईही होते. रॅफल्सने त्याच मॅकेन्झीच्या हाती जमीनहक्कांच्या चौकशीचे काम सोपवले, आणि 1813 पासून जो जमीनसारा बसवला त्याचा आदर्श मद्रास इलाख्यात मन्रो प्रभृतींनी चालवलेली रयतवारी हा होता. पुढे थोड्याच वर्षांत त्याच परंपरेतले अमलदार दख्खनमध्ये पेशव्यांच्या मुलखाची जमाबंदी करू लागले. सारा बसवायचा तर धनी ठरवावा लागतो. रॅफल्सने ठरवले की भूमीचा धनी राजा, आणि राजाच्या जागी आता सरकार. कसणारा हा सरकारचा कुळ. योग्यकार्ताच्या गाभ्याला हा सारा लागू झाला नाही, पण दरबाराकडून नुकताच काढून घेतलेला शेजारचा केडू प्रांत त्याच्या जाळ्यात आला. डच परत आल्यावर त्यांनी जमीनसारा चालू ठेवला, 1830 पासून व्हान डेन बॉशने त्यावर सक्तीच्या ऊस-निळी-कॉफीची लागवड लादली, आणि 1870 च्या कायद्याने, जिची मालकी कोणी सिद्ध करू शकत नाही ती सर्व जमीन सरकारी, असे जाहीर केले. या शेवटच्या तत्त्वाशी लायडेनचा पंडित व्हान व्हॉलेनहोव्हेन पुढे जन्मभर झगडला. त्याचे म्हणणे असे, की ज्या समाजात हक्क वहिवाटीने सिद्ध होतात त्याच्याकडे दस्तऐवज मागणे म्हणजेच त्याला निर्धन ठरवणे होय. मला हा युक्तिवाद आजही अखंडनीय वाटतो.

संस्थानी मुलखात सक्तीची सरकारी लागवड नव्हती, पण तिच्याऐवजी जे होते ते रयतेस फारसे सुखाचे नव्हते. युरोपीय मळेवाले सरंजामदारांकडून गावेच इजाऱ्याने घेत, आणि गावाबरोबर गावची वेठही त्यांच्या पदरी पडे. 1825 ते 1830 या काळात राजपुत्र दिपोनेगोरो याच्या नेतृत्वाखाली झालेल्या युद्धामागे जकातनाक्यांचा जाच होता, तसाच हा जमिनींचा व्यवहारही होता. युद्धानंतर साखरेचे कारखाने वाढतच गेले, आणि ‘ग्लेबागान’ म्हणून जी पद्धत रूढ झाली तीत गावच्या खाचरांचा मोठा भाग आळीपाळीने उसाखाली जाई. शेतकऱ्याच्या वाट्याला आज हे खाचर तर पुढल्या फेरीत भलतेच. अशा ठिकाणी ‘माझे शेत’ या शब्दाला काय अर्थ उरणार? 1930 नंतरच्या मंदीत यांतले बहुतेक कारखाने बंद पडले, आणि बांतुलमधील मादुकिस्मो हा आजचा कारखाना स्वातंत्र्योत्तर काळातला आहे.

1918 च्या सुमारास योग्यकार्ता संस्थानात सरंजाम व बेकेल दोन्ही रद्द होऊन आजच्या अर्थाने गावे स्थापन झाली. सर्व भूमी सुलतानाची, तीवर कुळांचा पिढीजात वापराचा हक्क, आणि गावकामगारांसाठी व गावखर्चासाठी काही जमीन राखीव, अशी ती मांडणी होती. मात्र कुळे म्हणजे सरसकट सर्व गावकरी नव्हेत. गावात प्रतिष्ठेच्या ज्या पायऱ्या होत्या त्या जमिनीनेच पडलेल्या होत्या: खाचर, परसू व घर हे सर्व ज्याच्याजवळ तो ‘कुली केंचेंग’, नुसते परसू असलेला ‘कुली कारांग-कोपेक’, खाचर आहे पण परसू नाही असा ‘कुली गुंडुल’, आणि दुसऱ्याच्या परसात झोपडी घालून राहणारा तो ‘इंडुंग त्लोसोर’. आपल्याकडच्या मिरासदार-उपरी भेदाची येथे आठवण व्हावी, आणि ते साम्य वरवरचे नाही. मिरासदाराप्रमाणेच कुली केंचेंगावर सरकारवेठीचा आणि गावपहाऱ्याचा भार असे, आणि त्या भाराच्या बदल्यात गावसभेत तोंड उघडण्याचा अधिकारही त्याचाच असे. भूमिहीनाला लुराहाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, निवडीत मत मिळाले ते 1946 साली. सुलतानाचे चिटणीस आणि पुढे इंडोनेशियातील समाजशास्त्राचे एक आद्य प्रणेते झालेले सेलोसुमार्जान यांनी या स्थित्यंतराचे जे वर्णन केले आहे, ते या विषयाच्या प्रत्येक वाचकाने वाचावे.

या पायऱ्या मुद्दाम सांगितल्या, कारण जावाच्या खेड्याविषयी दोन गोड समजुती दीर्घकाळ चालत आल्या आहेत. पहिली डच अमलदारांची: गावची जमीन सामाईक, गाव म्हणजे एक लहानसे प्रजासत्ताक, आणि त्यातला प्रत्येकजण समान. 1867 साली सुरू झालेल्या जमीनहक्कांच्या मोठ्या सरकारी चौकशीतच या समजुतीला तडे गेले. कोठे व्यक्तिगत पिढीजात धारणा, कोठे ठराविक वाट्यांची, कोठे मुदतीने फेरवाटप, आणि कोठे सामाईकपणा हा साऱ्याच्या व वेठीच्या ओझ्यानेच अलीकडे जन्मलेला, असे नानाविध प्रकार त्या चौकशीत सापडले. दुसरी समजूत क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्या 1963 च्या ग्रंथाने लोकप्रिय झाली: लोकसंख्या वाढत गेली तसे जावाच्या शेतकऱ्याने एकाच खाचरात अधिकाधिक हात गुंतवले, एकाच पिकाचे अधिकाधिक वाटे पाडले, आणि दारिद्र्य सर्वांनी वाटून घेतले. हे चित्र विलक्षण प्रभावी आहे, आणि त्यात तथ्यांशही आहे; पण वाटून घेणाऱ्यांत कोण देणारा होता आणि कोण घेणारा, हे त्यात झाकले जाते. दुसऱ्याच्या परसात राहणारा इंडुंग हा कधीच बरोबरीचा वाटेकरी नव्हता. पुढच्या संशोधकांनी गावोगावचे हिशेब मांडून हे दाखवून दिले, आणि माझा कल निःसंशय त्यांच्याकडे आहे. तरीही एवढे खरे, की ज्यांच्या नावे काहीच नव्हते त्यांचेही गावात काहीतरी होते, आणि ते ‘काहीतरी’ नेमके काय होते हेच शोधण्यासारखे आहे.

त्याचा शोध परसापासून सुरू करावा. ‘पेकारांगान’ म्हणजे घराभोवतीची झाडांनी गच्च भरलेली जागा. परदेशी प्रवाशाला दुरून जे बेटाबेटांनी उभे असलेले रान दिसते ते रान नसून तीच वस्ती असते. माड, केळी, फणस, पपई, बांबू, ज्याच्या बियांचे पापड करतात तो मेलिंजो, खाली कसावा, हळद, आले, आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांचे खुराडे. खाचर वर्षातून दोनदा देते. परसू रोज देते, आणि मुख्यतः बाईच्या हाती देते. घरातली बाई सकाळी केळीचा घड वा मेलिंजोची टोपली पाठीवर बांधून बाजाराला जाते. तो बाजार पाच दिवसांच्या जावानी आठवड्याप्रमाणे भरतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, एका गावचा पोनला, तर शेजारच्या गावचा वागेला. झाडांची मालकी जमिनीच्या मालकीला बांधलेली नसते. ज्याने लावले त्याचे झाड, हे तत्त्व सर्वमान्य. माड गहाण टाकता येतो, आणि प्रोगोपलीकडच्या गावांत तो अर्धलीनेही दिला जातो, म्हणजे काही दिवसांची माडी चढणाऱ्याची, काही दिवसांची माडवाल्याची, आणि त्या रसाचा गूळ ज्याच्या त्याच्या चुलीवर. गुरांचेही तसेच. पैसेवाल्याने गाय घेऊन द्यावी, गरिबाने ती सांभाळावी, आणि वासरू वा नफा दोघांत वाटावा. कोकणातल्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

घर हीही जंगम मालमत्ता होती. सागाचे वा फणसाचे खांब, कुसू-खाचांनी आणि खुंट्यांनी जोडलेली चौकट, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले. असे घर सुटे करून दुसऱ्या जागी नेऊन उभे करता येते, आणि शेजारी मिळून ते नेतात. या मदतीला ‘सांबातान’ म्हणतात. मजुरी नाही, केवळ जेवण, आणि पुढे त्याच्या घरी काम निघाले की जाण्याचे ऋण. बाप जमीन एकाला आणि घर दुसऱ्याला देऊ शकतो; घर बहुधा धाकट्याला, कारण धाकटा बहुधा आईबापांपाशी राहतो. श्रीमंत घराच्या आत मागल्या बाजूस तीन खोल्यांची ओळ, आणि त्यांतली मधली भाताची देवता देवी श्री हिची. गावचे लोक मुसलमान आहेत, पाच वेळा बांग ऐकतात, आणि तरीही बियाणे त्याच खोलीत ठेवत आले, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. अलीकडे ही जुनी सागवानी घरे शहरातले हॉटेलवाले विकत घेऊन नेतात, आणि त्यांच्या जागी विटांची, सिमेंटची, न हलणारी घरे उभी राहतात. जमीन आणि घर यांची जी फारकत होती ती अशी आपोआप मिटत चालली आहे.

वारसा हा प्रांत मराठी वाचकाला सर्वांत अनोळखी वाटेल. एकत्र कुटुंब, कर्ता, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, यांपैकी काहीही जावात नाही. विवाहात बायकोने आणलेले बायकोचे, नवऱ्याने आणलेले नवऱ्याचे. याला ‘गावान’ म्हणतात. विवाहानंतर दोघांनी मिळवलेले ते ‘गोनो-गिनी’, दोघांचे सामाईक. घटस्फोट झाला, आणि जावात तो पूर्वी फार सहज होत असे, तर गावान ज्याचे त्याला परत जाते आणि गोनो-गिनी वाटले जाते. मुली वारस असतातच. प्रश्न एवढाच, की मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, की दोघांना सारखे. पहिल्या रीतीचे नाव ‘सेपिकुल सेगेंडोंग’, म्हणजे कावडीवरचे दोन भार त्याला आणि पाठीवरच्या झोळीतला एक तिला. तिच्या मागे शरियतचे पाठबळ आहे. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत आईबाप आपल्या हयातीतच समसमान वाटून टाकतात आणि काझीच्या कचेरीचा प्रश्नच उद्भवू देत नाहीत. दत्तक मुलाला जन्मदात्या घरातूनही मिळते आणि दत्तक घरातूनही. 1991 मध्ये तयार झालेल्या इस्लामी कायद्याच्या संहितेने विवाहकाळातील सामाईक मिळकतीचा निम्मा वाटा बायकोला मान्य केला, तो गावाला नवा नव्हता. गावची वहिवाटच त्या कलमात शिरली. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा 1994 च्या दुरुस्तीने आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणत्या समाजाला मागासलेला म्हणावे याचा जरा विचार पडतो. अर्थात या समतेची किंमतही आहे. प्रत्येक पिढीत दोन्ही बाजूंनी तुकडे पडत गेल्याने अर्धा हेक्टर ज्याच्याजवळ आहे तो आता सुस्थितीतला मानला जातो, आणि एका भावाचे शेत बहिणीच्या नवऱ्याने अर्ध्या वाट्याने कसावे, हा नित्याचा प्रकार होतो. अर्धा वाटा, तिहाई, चौथाई यांना ‘मारो’, ‘मेर्तेलू’, ‘म्रापात’ अशी नावे आहेत. खाचर उत्तम असेल आणि खत-बियाण्याचा खर्च धन्याचा असेल, तर कसणाऱ्याचा वाटा उतरतो.

आता त्या ‘काहीतरी’कडे. भाताची कापणी पूर्वी ‘आनी-आनी’ने होई: तळहातात मावेल एवढे लाकडाला बसवलेले पाते, ज्याने एकेक लोंबी खुडायची. हे काम बायकांचे, आणि कापणीला कोणालाही मज्जाव नसे. खाचर पिवळे झाले की दुसऱ्या पाड्यांतल्याही बाया येत, खुडलेल्या भाताच्या पेंढ्या धन्याच्या अंगणात नेत, आणि तेथे त्यांना ‘बावोन’ म्हणून वाटा मिळे: परक्या बाईला दहावा भाग किंवा त्याहून कमी, शेजारणीला अधिक, बहिणीला वा सुनेला त्याहून अधिक. धन्याने बायांना परतवणे हे अशोभनीय मानले जाई. जिच्या नावे वाफाभरही जमीन नाही तिलाही प्रत्येक सुगीत काही पेंढ्या हमखास मिळत. हा हक्क कोठे नोंदलेला नव्हता आणि तो कोठे बजावताही येत नव्हता. तरी तोच तिची मालमत्ता होता. ‘केडोकान’ नावाच्या रीतीत तो अधिक बांधीव झाला: बाईने लावणी आणि खुरपणी फुकट करून द्यावी, आणि त्या वाफ्यातली कापणी तिचीच. धन्याचा त्यात फायदा होता हे उघड आहे, आणि ज्यांना या पद्धतीत निखळ सौहार्द दिसते त्यांनी ते ध्यानात घ्यावे.

1960 च्या दशकाच्या अखेरीस फिलिपिन्समधील भातसंशोधन संस्थेचे बुटके, अधिक उत्पन्नाचे भात आले. त्यांच्या लोंब्या खुडण्याऐवजी विळ्याने कापणे सोयीचे. त्याच सुमारास ‘तेबासान’ पसरले, म्हणजे उभे पीक कापणीपूर्वी काही दिवस उक्ते विकून टाकणे. घेणारा व्यापारी बहुधा बाहेरचा. तो आपली टोळी, विळे आणि तराजू घेऊन येतो, आणि गावच्या बायांना नाही म्हणण्याची लाज त्याला नसते, कारण त्याला त्या गावात राहायचे नसते. धन्याला ‘नाही’ म्हणावे लागत नाही, कारण पीक आता त्याचे नाही. 1973 साली कॉलियर, गुनावान विराडी आणि सुंतोरो यांनी हा बदल नोंदवला. त्यांचा निबंध लहान आहे, पण जावाच्या खेड्याविषयीच्या पुष्कळ जाड ग्रंथांहून मोलाचा आहे. त्याच काळी भात सडण्याची लहान यंत्रे गावोगाव आली आणि उखळ-मुसळावर मिळणारी बायकांची मजुरी बंद पडली. 1984 साली इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्याचा गौरव केला, आणि तो गौरव अनाठायी नव्हता, कारण खाचरांतून धान्य खरोखरच वाढले होते. परंतु त्याच वर्षांत एका संपूर्ण वर्गाची अलिखित मालमत्ता नाहीशी झाली, आणि ती कोणी हिरावून घेतली असे बोट दाखवायला एकही माणूस सापडत नाही.

1965 चा उल्लेख टाळता येत नाही. 1960 साली नव्या प्रजासत्ताकाने भूमीविषयक मूलभूत कायदा केला, मालकी सिद्ध न झालेली सर्व जमीन सरकारी, हे डचांचे तत्त्व रद्द केले, कमाल धारणा ठरवली आणि अर्धलीच्या वाट्यांचेही नियमन केले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा कम्युनिस्टप्रणीत शेतकरी संघटनेने मध्य व पूर्व जावात जमिनी परस्पर ताब्यात घ्यायला आरंभ केला. आणि 1965-66 च्या हत्याकांडात लाखो माणसे मारली गेल्यानंतर जमिनीच्या वाटपाविषयी गावात मोठ्याने बोलणारा पुढे कित्येक वर्षे कोणी उरला नाही. तेबासान इतक्या निमूटपणे पसरले याचे कारण शोधताना विळ्याबरोबर हेही विचारात घेतले पाहिजे.

गावकामगारांविषयी थोडक्यात. लुराह म्हणजे पाटील, चारिक म्हणजे कुलकर्णी, जागाबाया हा बंदोबस्ताचा, काउम हा लग्ने-मौतींचा, आणि उलू-उलू तो पाटकरी. यांना जमीन तोडून दिलेली असते तिला योग्यकार्तात ‘लुंगुह’ म्हणतात, आणि निवृत्त झालेल्याला मरेपर्यंत पोटगीदाखल मिळते ती ‘पेंगारेम-आरेम’. आपल्याकडे कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली आणि पाटीलकी 1962 च्या. तेथे ही वतने आजही चालू आहेत, फक्त ती वंशपरंपरेने न जाता पदाबरोबर जातात. गावातील उत्तम खाचरे बहुधा याच खात्यात सापडतात. शहर वाढत गावांच्या अंगावर येऊ लागले तेव्हा गावखर्चासाठी राखलेल्या जमिनी भाड्याने देण्याच्या मिषाने घरबांधणीवाल्यांच्या घशात घालण्याचे प्रकार झाले, आणि त्यांतले काही न्यायालयात गेले.

मालकीचा कागद मात्र येथे सरळ मार्गाने आलाच नाही. 1954 साली कुळांचा वापराचा हक्क मालकी म्हणून मान्य झाला. 1960 चा कायदा योग्यकार्तात पूर्णांशाने लागू झाला तो 1984 मध्ये. आणि 2012 च्या खास कायद्याने सुलतान व पाकुआलाम हे तेथील दुसरे राजघराणे यांची संस्थानी जमीन पुन्हा एकदा मान्य केली. किनाऱ्यावरच्या वाळवंटी पट्ट्यात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कष्टून मिरची पिकवली, त्यांपैकी पुष्कळांच्या पायांखालची जमीन पाकुआलाम घराण्याची ठरली. 2020 साली तेथे नवा विमानतळ पूर्णपणे सुरू झाला. चिनी वंशाच्या नागरिकांना या प्रांतात पूर्ण मालकीने जमीन घेता येत नाही, 1975 च्या एका प्रशासकीय आदेशाने. या अन्यायाचे समर्थन ‘स्थानिकांचे रक्षण’ म्हणून केले जाते, ते मला पटत नाही. गावच्या दप्तरातील ‘लेटर सी’ हे वास्तविक साऱ्याचे खाते असून लोक त्यालाच मालकीचा दाखला समजत आले. 2017 पासून देशभर सरसकट मोजणी करून प्रमाणपत्रे वाटली जात आहेत, आणि ती तेथील शेतकऱ्याला हवी आहेत. बँक त्यावर कर्ज देते. त्या प्रमाणपत्रात माड लावणाऱ्याचे, गाय सांभाळणाऱ्याचे किंवा कापणीला येणाऱ्या बाईचे नाव नाही, हे सांगायला नकोच.

गावात ज्याची नोंद काटेकोर होते ती आणखी एक गोष्ट आहे. लग्न-सुंतेच्या प्रसंगी दिलेला आहेर, ‘न्युंबांग’, वहीत लिहिला जातो: कोणी किती तांदूळ, किती साखर, किती रुपये, आणि तो तेवढाच, तेवढ्याच तोलाचा, परत करावा लागतो. पुष्कळ पाड्यांत दारापुढे एक लहानसे भांडे टांगलेले असते, त्यात घरची बाई रात्री मूठभर तांदूळ टाकते, आणि पहाऱ्यावरचे लोक तो गोळा करून पाड्याच्या निधीत भरतात. ‘जिंपितान’ हे त्याचे नाव. भिशीही आहे, तिला तेथे ‘आरिसान’ म्हणतात. हे सर्व मालमत्तेच्या प्रकरणात का घेतले, असा आक्षेप येईल म्हणून सांगतो: गरीब घराच्या हातात जो पैसा एकरकमी येतो तो पुष्कळदा यांतूनच येतो, आणि खाचर गहाण सोडवले जाते तेही यांतूनच.

अखेरीस मापांविषयी. ‘बाउ’ हे जमिनीचे रूढ माप सुमारे 7,100 चौरस मीटर, म्हणजे अदमासे पावणेदोन एकर. चार बाउंचा एक ‘जुंग’. डच मोजणी होण्यापूर्वीच्या दरबारी यादीत मात्र हेच शब्द क्षेत्राइतकेच त्या क्षेत्रावर बसलेल्या वेठीचेही माप होते, आणि एका गावचा जुंग दुसऱ्या गावच्या जुंगाएवढा असेलच असे नाही. म्हणून 1918 पूर्वीच्या आकड्यांची बेरीज पुढील प्रकरणांत कोठेही केलेली नाही, आणि वाचकानेही ती करू नये.